फ्लाय फिशिंगची दोरी पहिल्यांदा चढवताना

गळाने मासे धरलेल्या माणसाच्या हातात फ्लाय फिशिंगचा सरंजाम दिला की तो आधी विचारतो, यात शिसं कुठंय? मीही तेच विचारलं होतं. महाड तालुक्यात सावित्रीच्या काठी आम्ही लहानपणी बांबूची काठी, तंगुसाचा दोरा, गळ, गांडूळ आणि गळाच्या वीतभर वर शिशाचा मणी एवढ्यावर शिंगट्या काढायचो. शिसं भिरकावलं की त्याच्यामागून दोरा जायचा.

फ्लाय फिशिंगमध्ये हे नेमकं उलटं असतं. पिसं, केस आणि रेशीम गळावर गुंडाळून केलेली कृत्रिम माशी वजनाला वाळल्या पाकळीएवढी. ती भिरकावली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीच्या अंगातच घातलेलं असतं. आपण फेकतो ती दोरी, माशी तिच्या टोकाला धरून नुसती जाते. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळत जाते. कुठला भाग जाड, कुठला बारीक, कुठे कोणती गाठ, सांधा गुळगुळीत का हवा, या सगळ्याचं उत्तर तिच्यातच आहे. हाताने दिलेला जोर जाड भागातून बारीक भागाकडे वाहत जातो आणि शेवटी माशीला पाण्यावर अलगद ठेवतो. मध्ये कुठे अडथळा आला की जोर तिथेच मरतो आणि दोरीचं भेंडोळं पाण्यात पडतं.

मी हे सगळं ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या हिशोबाने लिहितोय, कारण नवख्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. हिमाचलमधली तीर्थन, सैंज, पब्बर, बरोटची उहल आणि काश्मीरमधल्या लिद्दर आणि सिंध या ट्राउटच्या नद्या. हा मासा मूळचा आपला नाही. स्कॉटलंडहून आणलेली अंडी १९०० साली काश्मीरमध्ये जगली आणि पुढे तिथूनच ट्राउट हिमाचलात गेला.

दोरीचे चार भाग

रिळाकडून माशीकडे जाताना चार दोऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात.

पहिली बॅकिंग. विणलेला डॅक्रॉनचा बारीक दोरा, साधारण २० पौंड, म्हणजे नऊ किलो ताण सोसणारा. दुसरी फ्लाय लाइन. हीच वजनदार, जाडसर, रंगीत दोरी. आत विणलेला गाभा, वर प्लॅस्टिकचा लेप, लांबी साधारण ९० फूट. तिसरा लीडर, नऊ फुटांचा पारदर्शक नायलॉनचा दोरा. तो बुडाशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. चौथं टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडलेला आणखी बारीक, एकसारख्या जाडीचा तुकडा. माशी बांधायची ती टिपेटला.

पूर्वी फ्लाय लाइन रेशमाची असायची. ती दिवसभर भिजून जड व्हायची, संध्याकाळी रिळावरून काढून वाळत घालावी लागायची, नाहीतर कुजायची. लीडर तर रेशमाच्या किड्याच्या आतड्यापासून ओढलेला असायचा आणि वापरण्याआधी भिजवून मऊ करावा लागायचा. १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचा लेप असलेल्या लाइन बाजारात आल्या आणि ही रोजची कसरत थांबली.

आकडे आणि अक्षरं वाचायची कशी

डब्यावर डब्ल्यू-एफ-५-एफ असं काहीतरी छापलेलं असतं. मधला ५ म्हणजे लाइनचा नंबर. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन किती यावर तो ठरतो. ५ नंबरला ते १४० ग्रेन, म्हणजे जवळपास नऊ ग्रॅम भरतं. मीटरला एक ग्रॅम म्हणा. ८ नंबरला २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या वर. काठीवरही असाच नंबर असतो. काठी ५ ची तर लाइन ५ ची, इथे तडजोड करू नये. हलक्या लाइनने काठी वाकत नाही, आणि काठी वाकली नाही तर फेक होत नाही.

पहिली दोन अक्षरं लाइनचा घाट सांगतात. डब्ल्यू-एफ म्हणजे वजन पुढच्या भागात एकवटलेलं, मागचा भाग बारीक. डी-टी म्हणजे दोन्ही टोकांना सारखाच निमुळता घाट. शेवटचं एफ म्हणजे तरंगणारी लाइन, एस म्हणजे बुडणारी. पहिली लाइन तरंगणारीच घ्या. ती डोळ्यांना दिसते, पाण्यावरून उचलायला सोपी जाते, आणि आपली चूक लगेच समोर दाखवते.

९ फुटी, ५ नंबरची, चार तुकड्यांत सुटणारी काठी, त्याच मापाचं रीळ आणि डब्ल्यू-एफ-५-एफ लाइन एवढं ट्राउटसाठी पुरतं. पैसे मोजकेच असतील तर रिळावर वाचवा, लाइनवर वाचवू नका. ट्राउटच्या नदीत रीळ बहुतेक वेळ दोरी साठवायचंच काम करतं. फेक मात्र लाइनच करते.

हाताशी आणखी थोडं सामान लागेल. नेलकटर, लहान कात्री, चिमट्यासारखी बारीक पक्कड, एक पेन्सिल, ओलं फडकं, आणि संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा धुऊन शाई काढलेला चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा. रिफिल कशाला ते पुढे येईल. पहिल्यांदा चढवताना सोबत एक माणूस असावा आणि संध्याकाळ मोकळी असावी.

रीळ कुठल्या हाताने फिरवणार?

बॅकिंगला हात लावण्याआधी हे ठरवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने रीळ फिरवावं. मासा लागल्यावर काठी या हातातून त्या हातात घ्यावी लागत नाही. रीळ काठीच्या खाली लटकतं, त्याची मूठ डावीकडे येते आणि दोरी रिळाच्या खालच्या बाजूने निघून काठीवर दोरी ओवायच्या पहिल्या कडीकडे जाते.

आता ब्रेक तपासा. दोरी गुंडाळताना रीळ मोकळं फिरलं पाहिजे आणि दोरी बाहेर ओढली जाताना अडलं पाहिजे. उलटं होत असेल तर आतली कळ पलटायची असते. ती कशी पलटायची ते रिळाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. दोरी चढवल्यावर हे लक्षात आलं तर सगळी उतरवून पुन्हा गुंडाळावी लागते.

बॅकिंग

बॅकिंगची दोन कामं. मोठा मासा ९० फुटांपलीकडे पळाला तर मागे दोरी शिल्लक हवी. तीर्थनच्या ट्राउटपायी बॅकिंग दिसण्याची वेळ क्वचितच येते, महाशीर मात्र ती पहिल्या धावेतच दाखवतो. दुसरं काम रोजचं आहे. रिळाचा आस बारीक असतो. फ्लाय लाइन थेट त्यावर गुंडाळली तर तिला लहान लहान वेटोळ्यांची सवय लागते आणि ती पाण्यावर स्प्रिंगसारखी पडते. खाली बॅकिंग भरली की आस जाड होतो, वेटोळी मोठी पडतात.

किती भरायची ते रिळासोबतच्या तक्त्यात असतं. ५ नंबरच्या रिळाला साधारण ७५ ते १०० यार्ड. तक्ता नसेल तर हमखास उपाय म्हणजे सगळं उलटं भरून पाहायचं. आधी फ्लाय लाइनचं माशीकडचं टोक आसाला तात्पुरतं बांधून पूर्ण लाइन गुंडाळा, मग तिच्या मागच्या टोकाला बॅकिंग जोडून रिळाची कड साधारण अर्धा सेंटिमीटर उरेपर्यंत भरा आणि कापा. आता सगळं उतरवून उलट क्रमाने चढवलं की माप बरोबर बसतं. त्यात तासभर जातो, पण अंदाजाने भरलेलं रीळ एक तर अर्धं रिकामं राहतं, नाहीतर शेवटची दहा फूट लाइन कडेला घासत फिरते.

आसाला बांधायची ती आर्बर नॉट. बॅकिंगचं टोक आधी रिळाच्या चौकटीतून आत घ्या. सुटी चकरी हातात घेऊन गाठ मारली आणि दोरी चौकटीबाहेर राहिली, तर सगळं पुन्हा. टोक आसाभोवती दोनदा फिरवून बाहेर आणा. त्या टोकाने मुख्य दोऱ्याभोवती एक साधी गाठ मारा. ही झाली सुरगाठ, दोऱ्यावर सरकणारी. आता टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, टोकावरच, दुसरी साधी गाठ मारा. दोन्ही ओल्या करा आणि मुख्य दोरा ओढा. सुरगाठ सरकत आसाला भिडते, मागची निरगाठ तिला येऊन अडकते आणि सुटू देत नाही. आस गुळगुळीत असेल तर गाठीखाली कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, नाहीतर आख्खी बॅकिंग आसावर गरगर फिरते.

मग गुंडाळा, आणि घट्ट गुंडाळा. सोबतच्या माणसाने बॅकिंगच्या गुंडीतून पेन्सिल घालून ती धरायची, तुम्ही दोरा ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताण देत रीळ फिरवायचं. दोरा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे समान पसरवत जा. सैल भरली तर मासा ओढायला लागला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधे रुततो, रीळ जाम होतं आणि पुढच्याच हिसक्याला टिपेट तुटतं.

फ्लाय लाइन: कुठलं टोक आत?

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण माझे पहिले दोन दिवस इथेच वाया गेले होते.

डब्ल्यू-एफ लाइनचं वजन पुढच्या साधारण १० ते १२ मीटरमध्ये असतं. मागचा भाग बारीक दोरीचा. नवीन लाइनच्या एका टोकाला छोटी चिकटपट्टी असते आणि हे टोक रिळाकडे जाईल असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी रीळ आणि लाइन एकाच दुकानातून घेतली आणि तिथेच चढवून घेतली. तिथे ती उलटी चढवली गेली. तीर्थनच्या काठी गुशैणीला दोन दिवस मी फेकत होतो आणि लाइन समोर पडतच नव्हती. मला वाटलं हात चुकतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या एका जाणत्या माणसाने माझ्या हातून काठी घेतली, दहा मीटर लाइन बाहेर ओढली, ती चिमटीतून सरकवत नेली आणि म्हणाला, हिच्यात पोटच नाही. मग सफरचंदाच्या बागेतून आम्ही ९० फूट लाइन ताणून काढली, उलटी केली आणि चढवली. दुपारी तीच काठी आणि तोच हात, पण लाइन सुतासारखी सरळ जाऊन पडली.

म्हणून चिकटपट्टी वाचा. ती निघून गेली असेल तर दोन्ही टोकांकडून लाइन बोटांत धरून सरकवा. ज्या टोकाकडून थोड्या अंतरातच जाडी वाढत जाते ते माशीकडचं. ज्या टोकाकडून कितीही ओढली तरी ती बारीकच राहते ते रिळाकडचं.

आता बॅकिंग आणि लाइन यांचा सांधा. लाइनच्या मागच्या टोकाला तयार फास असेल तर काम सोपं. बॅकिंगच्या टोकाला वीतभराचा मोठा फास करा. दोरा दुहेरी करून त्या दुहेरीचीच साधी गाठ मारायची, फक्त फास दोनदा आत घालायचा. हा मोठा फास लाइनच्या लहान फासातून ओवा, मग लाइनची आख्खी गुंडी त्या मोठ्या फासातून पलीकडे काढा आणि दोन्हीकडून हळूहळू ओढा. फास इतका मोठा का केला ते आता कळेल: गुंडी त्यातून जायला हवी. ओढताना लक्ष द्या. दोन्ही फास एकमेकांत हात गुंफल्यासारखे, दोन्हीकडून सारखे बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्यावर मुडपून बसला तर बारीक दोरा जाड लाइनच्या लेपात रुतून तो कापतो.

तयार फास नसेल तर नेल नॉट, आणि तिच्यासाठी रिफिलची नळी. लाइन डावीकडून येऊ द्या, तिचं टोक उजवीकडे. तिच्याशेजारी नळी आडवी धरा. बॅकिंग उजवीकडून आणून दोघींच्या शेजारी ठेवा, तिचं मोकळं टोक वीतभर डावीकडे बाहेर राहू द्या. आता हे मोकळं टोक वळवून नळी, लाइन आणि बॅकिंग या तिघांभोवती डावीकडून उजवीकडे, म्हणजे लाइनच्या टोकाच्या दिशेने, सात-आठ वेढे शेजारी शेजारी द्या. वेढे चिमटीत दाबून धरा आणि मोकळं टोक नळीच्या उजव्या तोंडातून घालून डावीकडे बाहेर काढा. वेढे न सोडता नळी डावीकडे हळूच ओढून घ्या. बॅकिंगची दोन्ही टोकं ओढली की वेढे आवळतात. ओलं करा, वेढे नखाने एकमेकांशेजारी सारा, मग पूर्ण ताण द्या. वेढे एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा बांधा. ही गाठ कड्यांतून सरकत जाणार आहे, तिथे उंचवटा चालत नाही. पहिल्यांदा मला चार वेळा बांधावी लागली. घरी सुतळी आणि जाड लोकरीवर आधी करून पाहा, हात बसतो.

लाइन गुंडाळताना एक पथ्य पाळा. तिची गुंडी पेन्सिलवर चाकासारखी फिरली पाहिजे. गुंडी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावरून एकेक वेढा सोडला तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो, आणि तो पीळ पुढे नदीवर गुंता होऊन भेटतो. बॅकिंगइतका ताण इथे नको. बोटांतून नुसती सरकू द्या. गुंडी बांधलेल्या तारा ती पेन्सिलवर नीट बसल्यावरच काढा.

लीडर

लीडर पाकिटात वेटोळं करून दिलेला असतो. घाईने ओढला तर दहा मिनिटं गुंता सोडवण्यात जातात. वेटोळ्यात तीन बोटं घालून ते ताणून धरा, जाड टोक शोधा आणि त्या टोकाकडूनच एकेक वेढा उलगडा. मग चिमटीत धरून सावकाश ओढत न्या. बोटांच्या उबेने नायलॉन सरळ होतं.

जाड टोकाला फास असतो, लाइनच्या पुढच्या टोकालाही. इथे लीडरच हलका आहे, म्हणून लाइनचा फास लीडरच्या फासातून घाला आणि लीडरचं बारीक टोक लाइनच्या फासातून ओवून पूर्ण ओढून घ्या. बसवण तीच, हात गुंफल्यासारखी. लाइनला फास नसेल तर लीडरचं जाड टोक नेल नॉटने बांधा, आता पाच-सहा वेढे पुरतात.

टिपेट

नऊ फुटी लीडर संपूर्ण असताना टिपेट कशाला? प्रत्येक माशी बदलताना टोकाचा बोटभर दोरा जातो. दिवसात दहा माश्या बदलल्या तर निमुळता भागच संपतो आणि तुम्ही जाड नायलॉनला माशी बांधत राहता. म्हणून नव्या लीडरलाच दीड-दोन फूट टिपेट जोडा. झिजेल ते टिपेट, लीडर महिनोन् महिने चालतो.

टिपेटची जाडी एक्स या अक्षराने सांगतात आणि आकडा वाढला की दोरा बारीक होतो. ११ मधून आकडा वजा करा, तेवढे हजारांश इंच जाडी. म्हणजे ४ एक्स झाला ०.००७ इंच, ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स झाला ०.००६ इंच, ०.१५ मिलिमीटर. माशीच्या गळाच्या नंबराला तीनने भागलं की साधारण कोणता एक्स हवा ते कळतं. १४ नंबरची माशी असेल तर ५ एक्स, १२ ची असेल तर ४. नवख्याने ४ एक्सचा लीडर आणि ४ किंवा ५ एक्सचं टिपेट घ्यावं. एका उडीत दोन-तीन पायऱ्या खाली गेलात तर सांधा कमकुवत होतो आणि मघाशी म्हटलं तसा जोर तिथेच अडतो.

जोडायला सर्जन्स नॉट. लीडरचं टोक आणि टिपेटचं टोक विरुद्ध दिशांनी वीतभर एकावर एक ठेवा. दोन्ही एकत्र धरून त्यांचा एक फास करा. लीडरचं मोकळं टोक आणि आख्खं टिपेट जोडीने त्या फासातून दोनदा काढा. बारीक दोऱ्याला तीनदा. तोंडात धरून ओलं करा आणि चारही टोकं एकदम, सावकाश ओढा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच अशक्त होतं. ट्राउट निसटला आणि दोऱ्याचं टोक शेवयासारखं कुरळं होऊन हातात आलं, तर गाठ कोरडी आवळली गेली किंवा अर्धवट बसून सरकली असं समजा.

कापलेले तुकडे खिशात ठेवा. नायलॉन कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात अडकतं.

काठीत ओवणं

काठीचे तुकडे जोडताना कड्या एका रेषेत आणा. लीडरचं बारीक टोक कडीतून ओवायचा मोह होतो, तसं करू नका. लीडर सगळा बाहेर घ्या, फ्लाय लाइन टोकाशी दुहेरी मुडपा आणि तो मुडपलेला भाग एकेका कडीतून वर न्या. हात निसटला तरी मुडप उघडून कडीत अडकते. बारीक दोरा ओवत असाल आणि निसटला तर लाइनच्या वजनाने सगळं सरसर परत खाली येतं.

सगळ्यात वरच्या कडीतून लाइन काढल्यावर एक डोळा मिटून काठीच्या बुडाकडून टोकाकडे पाहा. एखादी कडी सुटलेली असते, किंवा दोन कड्यांमधे लाइनने काठीला वेढा घातलेला असतो. हे दोन्ही माशी बांधल्यावर लक्षात आलं तर पुन्हा पहिल्यापासून. ओवताना रीळ रेतीत टेकवू नका, टोपीत ठेवा. रेतीचा एक कण आत गेला की ते करकरायला लागतं.

माशी

टिपेटचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा, मुख्य दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक नेढ्यालगतच्या लहान फटीतून काढा, त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा काढा, ओलं करा, मुख्य दोरा ओढा. ही सुधारित क्लिंच नॉट. वेढे स्प्रिंगसारखे एकाशेजारी एक बसले पाहिजेत. उरलेलं टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा.

माशी बांधण्याआधी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही आणि गळ तुमच्याच कानात गेला तर डॉक्टरकडे न जाता निघतो. पहिल्या दिवशी एकच माशी वापरा, १४ नंबरची कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी अ‍ॅडम्स किंवा १४ चीच बुडणारी फेझंट टेल. पेटीभर माश्या असल्या की माणूस फेकण्यापेक्षा बदलण्यात वेळ घालवतो.

मग प्रत्येक सांधा हाताने ताणून पाहा. लीडर-लाइन, लीडर-टिपेट, टिपेट-माशी. तुटायचं असेल ते इथे तुटू दे. रिळाचा ब्रेक इतकाच ठेवा की हिसका दिल्यावर दोरी सुटेल, पण रीळ स्वतःच्या वेगाने गरगरणार नाही.

नदीआधी मैदान

पुण्या-मुंबईच्या माणसाला तीर्थन जवळ नाही, पण मैदान आहे. माशीऐवजी टिपेटला दोन सेंटिमीटर भडक लोकर बांधा आणि गवतावर फेका. डांबर आणि सिमेंटवर नको, लाइनचा लेप सोलतो. लीडरशिवाय फेकू नका. लाइनचं टोक चाबकासारखं फटका मारतं आणि काही दिवसांत फाटतं. सुरुवातीला काठीच्या टोकाबाहेर ३० फूट, म्हणजे नऊ मीटर लाइन काढा. काठीचा नंबर याच वजनावर ठरलेला आहे, त्यामुळे ती कशी वाकते ते इथे हाताला कळतं. चष्मा आणि टोपी घाला, लोकर असली तरी.

घराजवळ पाणी हवं असेल तर आपल्या धरणांतला चिलापी लहान बुडणारी माशी घेतो आणि तो पहिल्या माशासाठी उत्तम आहे. महाशीरसाठी ८ नंबरची काठी आणि २० पौंडी बॅकिंग भरपूर लागते, आणि कुठेही उतरण्याआधी चौकशी लागते. आमच्या महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीतले महाशीर वरदायिनीचे मानले जातात. पिढ्यान् पिढ्या तिथे कुणी गळ टाकला नाही, म्हणूनच ते आजही काठाशी येऊन कुरमुरे खातात. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवली जातात. या माशाची संख्या सहज भरून येत नाही, त्यामुळे लागला तर पाण्यातच गळ काढून सोडावा.

हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, ते दिवस त्याच्या विणीचे. मार्चमध्ये पाणी बर्फासारखं थंड आणि नितळ असतं. मासा धरण्याआधी हात भिजवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि सोडलेला मासा पुढे मरतो.

परत आल्यावर

लाइन कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळू द्या. मळकी लाइन तरंगत नाही आणि कड्यांतून सरकत नाही. उन्हात बंद गाडीत रीळ ठेवू नका. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीट असतं त्यांनी लाइनचा लेप चिकट होऊन फाटतो. लावलं असेल तर लाइनला हात लावण्याआधी तळवे धुवा. लीडर आणि लाइन यांचा सांधा दर सहलीआधी भिंगातून पाहा. लेपाला बारीक चीर पडली तर आतल्या गाभ्यात पाणी शिरतं आणि लाइनचं टोक बुडायला लागतं. तेवढाच भाग कापून नेल नॉटने नवा लीडर लावला की तीच लाइन आणखी काही हंगाम चालते. माझी गुशैणीला उलटी केलेली लाइन अशी दोनदा कापून अजून त्याच रिळावर आहे.